पाठ करू नका, बघून वाचा!

आपल्यापैकी बहुतेकांनी भिवंडी पाहिलेली असते ती मोबाइलवर. 'तुमचं पार्सल भिवंडीहून निघालं आहे.' शूज, इअरफोन, बाळाचे डायपर, हौसेनं मागवलेली आणि अजून प्लास्टिकमध्येच असलेली तीन पुस्तकं... सगळं तिथूनच येतं. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट आणि बाकी सगळ्यांची गोदामं नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना पसरलीत. यापलीकडे भिवंडीबद्दल आपल्याला दोनच शब्द ठाऊक असतात, पॉवरलूम आणि ट्रॅफिक. घरातल्या मोठ्यांना विचारलंत तर ते तिसरा सांगतील, दंगल.

तर मंडळी, आजचा आपला विषय आहे रीडर्स थिएटर आणि तो मी मुद्दाम भिवंडीत नेऊन ठेवणार आहे. पृथ्वीच्या कॅफेत आयरिश कॉफीचे घोट घेत या विषयावर गप्पा मस्तच रंगतात. पण मला विचाराल तर या प्रकाराची खरी गरज तिथे नाहीच. ती आहे ठाण्याच्या पुढे, खाडी ओलांडल्यावर.

आधी फंडा क्लिअर करू. रीडर्स थिएटर म्हणजे हातात कागद धरून करायचं नाटक. सेट नाही, कॉस्च्युम नाही, मेकअप नाही आणि मुख्य म्हणजे पाठांतर नाही. चार-सहा माणसं स्टुलांवर बसतात किंवा नुसती उभी राहतात. समोर संहिता. ती उघडपणे बघून वाचायची, लपवायची नाही. मात्र वाचायची अशी की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घर, बाजार, पाऊस, भांडण सगळं उभं राहिलं पाहिजे. आपल्याकडे याला अभिवाचन किंवा नाट्यवाचन म्हणतात. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यातला पोशाख-रंगभूषेचा आहार्य बाजूला ठेवायचा, अंगविक्षेप जवळजवळ बंद करायचे आणि सगळी मदार वाचिकावर टाकायची. झालं रीडर्स थिएटर!

'हे काय नाटक? ही तर तालीम!' असं कुणी नाक मुरडलं तर त्याला १९९२ सालची गोष्ट सांगा. त्या वर्षी फेब्रुवारीत पृथ्वी थिएटरला 'तुम्हारी अमृता' आलं. ए. आर. गर्नी या अमेरिकन नाटककाराच्या 'लव्ह लेटर्स'वरून जावेद सिद्दीकींनी ते लिहिलं, फिरोज अब्बास खाननी बसवलं. स्टेजवर शबाना आझमी आणि फारूख शेख. दोघं बसलेली, हातात कागद. अमृता आणि झुल्फिकार यांनी पस्तीस वर्षं एकमेकांना लिहिलेली पत्रं ती वाचतात. बास, एवढंच. नाचगाणं नाही, एंट्री-एक्झिट नाही, दोघं एकमेकांकडे वळूनही फारसं बघत नाहीत. हे 'एवढंच' एकवीस वर्षं चाललं! डिसेंबर २०१३मध्ये आग्ऱ्याला ताजमहालाच्या साक्षीनं एक प्रयोग झाला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत फारूख शेख गेले. कागद हातात होता म्हणून त्या प्रयोगात काही कमी होतं, असं आजवर कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

अमेरिकेत हा प्रकार गाजला तो १९५१मध्ये. चार्ल्स लॉटन या नटानं बर्नार्ड शॉच्या 'मॅन अँड सुपरमॅन'चा तिसरा अंक उचलला. नाटक फार लांबतं म्हणून हा अंक बरेचदा गाळलाच जायचा. चार नट, चार स्टुलं, चार स्टँड, संध्याकाळचे औपचारिक कपडे, समोर संहिता. असा हा ट्रुप गावोगाव फिरला आणि थिएटरं भरली. त्यानंतर कॉलेजांनी आणि पुढे शाळांनी ही आयडिया उचलली. शाळांमध्ये तिचं जे झालं ते जास्त इंटरेस्टिंग आहे, पण त्याच्याकडे येऊच.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे हे होतंच की! बरोबर. गावाकडच्या आजीला विचारा. श्रावणात संध्याकाळी पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ लावतो, ऐकणारे मधेच 'हं' म्हणतात, प्रश्न विचारतात. भिवंडी तालुक्यातल्या आगरी-कुणब्यांच्या गावांना हे नवीन नाही. आकाशवाणीच्या श्रुतिका म्हणजे शुद्ध रीडर्स थिएटरच, फक्त प्रेक्षक घरी बसलेला. पान उलटताना आवाज येता कामा नये, ही त्या नटांची पहिली शिकवणी. मराठी नाटकाची सुरुवातही वाचनानंच होते. लेखक किंवा दिग्दर्शक सगळ्यांना बसवून नाटक वाचून दाखवतो, आणि जुने लोक सांगतात की काही वाचनं पुढच्या प्रयोगांपेक्षा भारी व्हायची. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनानं महाराष्ट्र गदागदा हसवला. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकर-मर्ढेकरांच्या कविता स्टेजवरून ऐकवल्या.

फरक एवढाच की यात वाचणारा एक असतो किंवा दोन, आणि ते दिग्गज असतात. बाकीच्यांनी ऐकायचं. रीडर्स थिएटर हा आवाज वाटून टाकतं. निवेदनसुद्धा एकाकडे ठेवत नाही, चौघांत फोडतं. ज्याला आयुष्यात कुणी माईकसमोर उभं केलं नाही, त्याच्याही वाट्याला दोन वाक्यं येतात.

आणि म्हणूनच भिवंडी.

हे गाव आवाजाचं आहे. यंत्रमागाचा आवाज ज्यानं जवळून ऐकलाय त्याला सांगायला नको. पत्र्याच्या शेडमध्ये एकाला एक लागून माग, खटाखट खटाखट, दिवस आणि रात्र पाळी. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडायचं नाहीतर खुणेनं सांगायचं. क्यूबात १८६५पासून सिगारच्या कारखान्यांत एक माणूस उंच खुर्चीवर बसून कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. 'माँटे क्रिस्टो' या सिगारचं नाव तिथूनच आलं म्हणतात. केरळमध्ये कण्णूरकडच्या विडी कारखान्यांतही हीच पद्धत होती. एकानं वाचायचं आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. हाताला काम, कानाला पुस्तक. भिवंडीच्या कामगाराच्या कानाला ती चैन नाही. बारा तास खटखट ऐकून माणूस खोलीवर येतो तेव्हा आपला स्वतःचा आवाज कसा आहे हेही त्याला आठवावं लागत असेल.

दुसरी गोष्ट भाषांची. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाख नऊ हजारांच्या पुढे होती. त्यात इथले मूळचे कोकणी मुसलमान, १८५७नंतर उत्तरेतून येऊन वसलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आगरी, कुणबी, मारवाडी-गुजराती व्यापारी आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून मागावर आलेले लाखभर हात. पद्मानगरात तेलुगू ऐकू येते, दोन गल्ल्या सोडून उर्दू, पुढच्या नाक्यावर भोजपुरी आणि रिक्षावाल्याशी आपली बंबइया. मोहल्ल्यात मुशायरे होतात, उर्दू शाळांत बैतबाजी रंगते. ही म्हणजे शेरांची अंत्याक्षरी. पोरं इतक्या जोशात म्हणतात की आपली अंत्याक्षरी तिच्यापुढे मिळमिळीत वाटावी. साहित्याच्या इतिहासातही या गावाचं नाव आहे. मे १९४९मध्ये अखिल भारतीय पुरोगामी लेखक संघाची परिषद भिवंडीत भरली होती. उर्दू साहित्याच्या कुठल्याही जाड इतिहासात ती सापडते. आपल्या मराठी पुस्तकांत मात्र भिवंडी शोधायची तर दंगलीच्या प्रकरणात.

तेही बोलून टाकू. मे १९७०मध्ये इथे दंगल झाली. त्यानंतर भीष्म सहानी भाऊ बलराज यांच्याबरोबर भिवंडीत आले. जळलेली घरं, जळलेले माग. ते बघताना त्यांना फाळणीच्या वेळचं रावळपिंडी आठवलं आणि त्या आठवणीतून 'तमस' ही कादंबरी लिहिली गेली. मे १९८४मध्ये पुन्हा तेच झालं. मग १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्हीकडची माणसं आणि पोलीस यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसायचं. विषय मोठे नसत. नळाचं भांडण, रिक्षाचं भांडण, पोरापोरांतली मारामारी. १९९२-९३मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडेंनी यावर पुस्तकही लिहिलं. एकत्र बसून एकमेकांचं ऐकायची सवय लावता येते आणि ती कठीण वेळी कामाला येते, याचा एवढा पक्का पुरावा महाराष्ट्रात दुसरा मला माहीत नाही.

पण हे झालं मोठ्यांचं. पोरांचं काय? मराठी माध्यमाची शाळा वेगळी, उर्दू माध्यमाची वेगळी. रस्ता एकच, दप्तरांचं वजन तेच, पण ही पोरं दहावीपर्यंत एका बाकावर येत नाहीत. क्रिकेटचं मैदान सोडलं तर भेटायची जागा नाही. नाटकानं भेटवावं म्हटलं तर हॉलचा पत्ता नाही. शहरात मीनाताई ठाकरे रंगायतन आहे, पण वर्षानुवर्षं त्याच्या बातम्या यायच्या त्या प्रयोगांच्या नाहीत, दुरवस्थेच्या. ज्याला हॉल लागत नाही, तालमींना महिना लागत नाही आणि घरून साडी-धोतर आणायला लागत नाही, असं नाटक एकच.

आता वर्गात येऊ या, कारण खरी मजा तिथे आहे.

आपल्या शाळेतलं प्रकटवाचन आठवतंय? 'ए, तू ऊठ. पुढचा परिच्छेद वाच.' तो उठतो. अडखळतो. मागून कुणीतरी फिस्सकन हसतं. बाई शब्द दुरुस्त करतात, तो आणखी अडखळतो, कान लाल होतात आणि त्या दिवसापासून तो बाईंची नजर चुकवायला शिकतो. वाचायला नाही. देशभरात असे किती? 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भागापुरता असतो. २०२४च्या अहवालानुसार पाचवीतल्या साधारण ४९ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा नीट वाचता आला. कोविडनंतरच्या २०२२मध्ये तर हा आकडा ४३च्या आसपास होता. म्हणजे पाचवीच्या वर्गात बसलेल्या निम्म्या पोरांच्या हातात असं पुस्तक आहे जे त्यांच्याशी बोलतच नाही.

१९७९मध्ये एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकन अभ्यासकानं एक साधी गोष्ट मांडली. छोटा उतारा घ्या आणि तोच तोच पुन्हा वाचायला लावा. वेग वाढतो, अडखळणं कमी होतं आणि पुढचा नवा उतारा पहिल्यापेक्षा सोपा जातो. कारणही सरळ आहे. अक्षरं जुळवण्यात सगळं डोकं खर्च झालं की अर्थासाठी उरत नाही. गाडी शिकताना नाही का, क्लच सांभाळण्यात रस्ता दिसत नाही. आता अडचण अशी की कुठलं शहाणं पोर एकच पान आठ वेळा वाचेल? का वाचावं त्यानं? शाळांनी रीडर्स थिएटर उचललं ते इथे. शेवटच्या दिवशी प्रेक्षक येणार असतील तर पोर आठ काय, अठरा वेळा वाचतं. त्याला कुणी तालीम म्हणतं, कुणी अभ्यास.

आठवड्याचा हिशोब साधारण असा बसतो. पहिल्या दिवशी बाई पूर्ण गोष्ट रंगवून वाचतात, मुलं नुसती ऐकतात. दुसऱ्या दिवशी सगळे सगळं वाचतात, भूमिका अजून कुणालाच नाही. तिसऱ्या दिवशी वाटप, आणि ज्यानं त्यानं आपल्या ओळी रंगीत पेननं रंगवायच्या. मग तालीम. शेवटच्या दिवशी शेजारच्या वर्गासमोर वाचन. रोज वीस मिनिटं पुरे. इंग्रजी पुस्तकांत शेवटचा दिवस हमखास शुक्रवार असतो. भिवंडीत तो गुरुवार ठेवा, शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ.

बारीकसारीक युक्त्या खूप आहेत. सुटे कागद फडफडतात, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. पुठ्ठा छातीशी धरायचा, तोंडासमोर नाही. पात्र 'आत' आलं की मान वर, 'बाहेर' गेलं की मान खाली, एवढीच एंट्री-एक्झिट. बोलताना शेजारच्या पात्राकडे बघायचं नाही. प्रेक्षकांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर बघायचं, जणू ते पात्र तिथे उभं आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रेक्षकांमधले सगळे मग त्या भिंतीवर बघायला लागतात! जो पोरगा अगदीच कच्चा आहे त्याला लहान पण पुन्हा पुन्हा येणारी ओळ द्यायची. फेरीवाल्याची आरोळी, दारावरची थाप, सगळ्यांनी मिळून म्हणायचं वाक्य. आपली वेळ चुकू नये म्हणून तो बाकीच्यांचं वाक्यन् वाक्य बोटानं धरून वाचत राहतो. हीच तर चलाखी आहे.

संहिता कुठली? माझी निवड ठरलेली आहे. प्रेमचंदांची 'ईदगाह' आणि साने गुरुजींची 'श्यामची आई'. दोन्ही एकाच वर्गाला, लागोपाठ.

'ईदगाह' तर कुणीतरी वाटून वाचण्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. ईदच्या जत्रेत पोरं निघालीत. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती, नूरे वकील. हमीदच्या खिशात तीन पैसे. तो आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी उतरवताना तिची बोटं भाजतात. त्यानंतर चिमटा भारी की शिपाई भारी यावर पोरांचं जे भांडण जुंपतं, ते वाचायला कुठल्याही वर्गातले पाच उपद्व्यापी हात वर करतील. निवेदनाचे चार भाग करा, दुकानदार एक, आजी एक, आणि उरलेला सगळा वर्ग म्हणजे जत्रा.

'श्यामची आई' गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिचा साचाच सांगण्याचा आहे. बेचाळीस रात्री, एक सांगणारा, भोवती बसलेली मित्रमंडळी, आणि तीही मधे मधे बोलतात. 'अळणी भाजी' घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील चकार शब्द न काढता जेवतात. यात नाट्य आहे ते न बोललेल्यात. दहा वर्षांच्या पोराला ती शांतता कागदावर बघून कशी वाचायची हे सुचतं तेव्हा बाईंनी मागे टेकून बसावं.

एकीकडे आजीची भाजलेली बोटं, दुसरीकडे आईचं विसरलेलं मीठ. दोन्ही गोष्टी चुलीपाशी येऊन थांबतात. वर 'एकात्मता' वगैरे शब्द लिहायची गरजच नाही.

आता खरी गंमत. ही दोन वाचनं दोन शाळांनी मिळून केली तर? उर्दू माध्यमाच्या पोरांना देवनागरी येते. हिंदी आहे, मराठी आहे, आणि २०२०च्या कायद्यानं तर राज्यातल्या सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची आहे. पण सक्तीची मराठी म्हणजे पेपरातली मराठी, तोंडातली नाही. 'ळ' आणि 'ण' अडतात. चहातला 'च' आणि चमच्यातला 'च' एक नाही, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. ते कानानंच कळतं. 'अळणी' हा एकच शब्द घ्या, दोन्ही अवघड अक्षरं शेजारीशेजारी! तो म्हणायला मराठी शाळेतला मुलगा शिकवणार. मग पाळी उलटते. 'ईदगाह'मधला ख़ आणि ग़ घशातून काढताना त्याच मराठी मुलाची भंबेरी उडणार आणि उर्दूवाला हसत हसत दुरुस्त करणार. गोची अशी की त्याला आपली लिपी येते, आपल्याला त्याची येत नाही. कच्चा वाचक कोण, याचं उत्तर त्या अर्ध्या तासात दोनदा बदलतं. एका बाजूनं उघडली की मराठी संहिता आणि दुसऱ्या बाजूनं उघडली की उर्दू, अशी फाइल मस्त करता येते. उर्दू उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे दोन्ही गोष्टी बरोबर मधल्या पानावर भेटतात.

हक्कांचं विचाराल, तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. प्रेमचंद १९३६ला गेले, साने गुरुजी १९५०ला. दोन्ही मोकळे. फक्त 'ईदगाह'चा मराठी अनुवाद वापरणार असाल तर अनुवादकाचं बघा. पुलं, वपु वाचायचे तर परवानगी काढा. शाळेतल्या शाळेत, मुलं-शिक्षक-पालकांपुरतं असेल तर कायदा सवलत देतो.

शाळेबाहेरही हे चालतं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, २०१४च्या सुमाराला. वस्त्यांमधली मुलं स्वतःचे विषय घेऊन स्वतःच नाटिका उभ्या करतात. मतकरी २०२०मध्ये गेले. ज्यांनी आयुष्यभर व्यावसायिक आणि बालरंगभूमी दोन्ही गाजवल्या, त्यांना उतारवयात वस्तीतल्या पोरांच्या तोंडचे संवाद जास्त ऐकावेसे वाटले, यात बरंच काही आलं. ठाणे ते भिवंडी अंतर पंधरा किलोमीटर, ट्रॅफिक नसेल तर. म्हणजे कधीच नाही, पण ते असो.

मोठ्यांसाठी संहिता बाहेरून आणायचीही गरज नाही. 'तुम्हारी अमृता'चा साचा घ्या. भिवंडीत मागावर असलेला नवरा आणि आझमगढला असलेली बायको. पूर्वीची पत्रं, नंतरचे फोन, आताचे व्हॉट्सॲप. पैसे पोचले का, अम्माचा गुडघा कसा आहे, यंदा ईदला येतोस की नाही. नावं बदला, तारखा ठेवा, दोन खुर्च्या मांडा. (शबाना आझमींच्या आडनावातलं 'आझमी' म्हणजे आझमगढचे, कैफींचं गाव त्याच जिल्ह्यातलं. वर्तुळं अशी जुळतात.) बचत गटाच्या मीटिंगला हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं उरतातच. ज्या बाईला वाचता येत नाही तिला तोंडपाठ असलेली ओळ द्या, ती कागद हातात धरून म्हणू दे. कागद धरायचा मान सगळ्यांना.

धोके दोन. पहिला गॅदरिंगचा. प्रयोग बरा झाला की मुख्याध्यापक म्हणतात, 'छान! आता ड्रेस शिवू या.' ड्रेस आला की पाठांतर येतं, पाठांतर आलं की हुशार चार पोरं पुढे आणि बाकीची झाडं बनून मागे. तिथेच सगळं फिसकटतं. दुसरा धोका उपदेशाचा. पाणी वाचवा, झाडे लावा, मुलगी शिकवा. विषय लाख मोलाचे, पण संहिता अशी की वाचणाऱ्यालाच जांभई यावी. दर १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, राज्यातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. २०१५पासून सुरू आहे. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी पोरं पुस्तक उघडून ओळीत बसतात, फोटो निघतो आणि पुस्तकं कपाटात जातात. त्या फोटोच्या जागी पंधरा मिनिटांची 'ईदगाह' बसते.

आणि आपण? कंपनी कायद्यातल्या कलम १३५मुळे एप्रिल २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, आणि मग एखाद्या शनिवारी एचआरचा मेल येतो: टीशर्ट मिळेल, लंच मिळेल, शाळेची भिंत रंगवायची आहे. गेल्या वर्षी ज्यांनी रंगवली तीच भिंत! या वेळी एचआरला रिप्लाय करा. चाळीस पुठ्ठे, रंगीत पेनांचे दोन पुडे, झेरॉक्सचा खर्च. दोन शाळा, एक गोष्ट. मात्र एका शनिवारी जाऊन सेल्फी काढून येणार असाल तर नका जाऊ. एका संहितेला निदान चार फेऱ्या लागतात. आणि पहिल्या फेरीला तुम्ही स्वतः वाचायचं, पोरांसमोर, त्यांच्या भाषेतलं पान. दिवसभर प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड बघून वाचणारे आपण, एवढा सराव कुणाला आहे?

ज्यांना भिवंडी लांब पडते त्यांनी आपल्या सोसायटीच्या टेरेसवर सुरुवात करा. वॉचमनच्या मुलीला निवेदकाची पहिली ओळ द्या. जायचंच असेल तर ठाण्याहून किंवा कल्याणहून एसटी, शेअर रिक्षा मिळते. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे, पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच, तेव्हा टाइमटेबल बघूनच निघा. सकाळचं सत्र पकडायचं असेल तर सातच्या आत पोचा, नंतर अंजूर फाट्याला ट्रकांच्या रांगेत तुमचंच पार्सल तुमच्या पुढे उभं असेल.